आमच्या वर्गाचा अंपायर

शनिवारी दुपारी कॉलेज रिकामं झालं की मी शिपायांकडून किल्ली घेऊन संगणक कक्ष उघडायचे. मी मराठी शिकवते. कॉलेज भांडुप आणि मुलुंडच्या मधे कुठेतरी आहे, एवढं पुरे. इंटरनेटवर मराठीचा एक ज्ञानकोश आहे. त्यात कुणीही लिहू शकतं आणि कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं सुधारू किंवा खोडू शकतं. आमच्या मुलांनी त्यात लेख लिहावेत म्हणून मी हा वर्ग सुरू केला. कल्पना माझी. त्यासाठी प्राचार्यांच्या खोलीबाहेर ताटकळले मी. त्याआधी एका दिवाळीच्या सुट्टीत, एकीकडे चकल्या तळत आणि दुसरीकडे ओट्यावर लॅपटॉप ठेवून, हे सगळं तंत्र शिकले तेही मीच. लॅपटॉपच्या बटणांना अजून तेलाचा वास येतो.

आमच्या मुलांना निबंध येतो. शाळेने तो त्यांच्या हाडात भरलेला असतो. पहिल्या दिवशी एकाने धूळपाटीवर, म्हणजे ज्ञानकोशातल्या सरावाच्या पानावर, लिहिलं, 'भांडुप हे निसर्गाच्या कुशीत वसलेले नयनरम्य उपनगर आहे.'

"नयनरम्य कोण म्हणतं?" मी विचारलं.

"मी म्हणतो, मॅडम."

"तू कोण?"

वर्ग हसला. "मी भांडुपकर," तो म्हणाला, आणि वर्ग आणखी हसला.

"भांडुपकरांच्या म्हणण्याला इथे किंमत नाही," मी सांगितलं. "छापील पुस्तक दाखव, वर्तमानपत्र दाखव. नसेल तर वाक्य खोड." हीच माझी शिकवण्याची पद्धत होती. विशेषणं झाडून काढायची आणि उरेल त्याला संदर्भ द्यायचा. 'सुप्रसिद्ध', 'थोर', 'अनमोल', 'खूप' हे शब्द फळ्यावर लिहून मी त्यांच्यावर काट मारली होती. मुलं कुरकुरली, पण शिकली. मी बरी शिक्षिका आहे, आणि हे मला छान माहीत आहे.

त्याच दिवशी माझा पचका झाला. सगळ्यांनी एकाच वेळी, कॉलेजच्या एकाच जोडणीवरून खाती उघडायला घेतली. पुढच्या रांगेतल्यांची उघडली आणि मग ज्ञानकोशाने दार लावून घेतलं. एका ठिकाणाहून एका दिवसात मोजकीच नवी खाती उघडू देतात. त्यापुढे गेलं की कुणी उपद्व्यापी माणूस खोटी नावं घेऊन घुसतोय असा त्यांना संशय येतो. हे माझ्या दिवाळीच्या अभ्यासातून निसटलं होतं. मुलं स्क्रीनवरची सूचना बघत बसली.

"मॅडम, वाट लागली," मागून आवाज आला.

मी काही बोलायच्या आत पुढच्या रांगेतल्या एकीच्या चर्चापानावर निरोप उमटला. चर्चापान म्हणजे ज्ञानकोशात लिहिणाऱ्या प्रत्येकाला मिळणारं निरोपांचं पान. ते सगळ्या जगाला उघडं असतं. निरोप असा होता: 'नमस्कार! एकाच ठिकाणाहून बरीच नवी मंडळी आलेली दिसतात. कार्यशाळा चालू आहे का? आधी कळवलं तर मर्यादा उठवून ठेवता येते. ज्यांची खाती उघडली नाहीत त्यांनी हवी ती नावं इथे लिहावीत, लगेच करून मिळतील. स्वागत!'

खाली एक टोपणनाव होतं. ते इथे सांगत नाही.

थोड्याच वेळात सगळ्यांची खाती तयार झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला नाही, त्या टोपणनावाला. "कोण आहे यार हा? काय झकास माणूस आहे!" अशी चर्चा सुरू झाली. मी म्हटलं, "चला, वेळ गेलाय आपला, पहिला परिच्छेद घ्या."

पुढच्या शनिवारी त्या माणसाला नाव मिळालं. वर्गात एक दहीहंडीवाला होता. अंगापिंडाने किरकोळ, कायम वरच्या थराला असलेला. त्याने माझी सूचना धुडकावून आपल्याच गोविंदा पथकावर लेख टाकला. त्यात स्वतःचा उल्लेख 'युवकांचे आशास्थान' असा केला होता. आम्ही चहा पिऊन येईपर्यंत लेख उडाला होता आणि त्याच्या पानावर निरोप आला होता: 'पथकाचं काम चांगलं असेल, पण त्याविषयी बाहेरच्या कुणी लिहिलेलं सापडलं तरच इथे लेख टिकेल. दहीहंडीच्या मुख्य लेखात थर रचण्याच्या पद्धतीची माहिती अगदीच तोकडी आहे. तिथे तुमच्यासारख्या जाणत्या माणसाची गरज आहे.'

"अंपायरने आऊट दिलं, मॅडम," तो म्हणाला. पण चेहरा आऊट झालेल्याचा नव्हता. 'जाणत्या माणसाची' हे शब्द त्याने शेजाऱ्याला दोनदा वाचून दाखवले. मग पोरगं थर रचण्यावर संदर्भ शोधायला बसलं ते उठेना. मी त्याला तेच काम आधीच्या आठवड्यात सांगितलं होतं. माझ्या तोंडून ते गृहपाठ होतं.

तेव्हापासून तो अंपायर. काका की काकू, यावर पैजा लागल्या. निरोपांतून काही कळत नसे, कारण ती व्यक्ती 'बघितलं', 'दुरुस्त केलं', 'जोडून ठेवलं' असंच लिहायची. मुलं लेख जतन करून माझ्याकडे बघायचीच नाहीत, स्क्रीनकडे बघत बसायची. अंपायर काय म्हणतो? मी एखाद्याच्या खुर्चीमागे उभं राहून तीन चुका दाखवल्या तर "हो मॅडम" म्हणून मान हलवायची. अंपायरने त्यातलीच एक दाखवली तर तिचा स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर यायचा, खाली टाळ्यांची चित्रं.

शेरे वाईट असते तर मी सुखाने दुर्लक्ष केलं असतं. ते चांगले होते, तीच पंचाईत होती. मी जिथे 'हे चूक' म्हणून थांबायचे तिथे ती व्यक्ती बरोबर कसं होईल ते करून दाखवायची. माझ्यासमोर वर्गभर मुलं, शिवाय दर थोड्या वेळाने बंद पडणारे संगणक आणि पाच वाजता किल्ली मागणारे शिपाई. अंपायरला यातलं काही नव्हतं. घरी पाय पसरून बसून कुणीही गोड बोलेल, असं मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं. इतिहासाच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, फुकटचा मदतनीस मिळालाय तर घे की. जळतेस काय?"

मी म्हटलं, "जळत नाही गं, सांगतेय." आणि डबा उघडला.

खरं तर सगळ्या वर्गाने अंपायरच्या आरत्या ओवाळल्या असत्या तरी मला चाललं असतं. एक मुलगी सोडून.

ती खिडकीजवळ बसायची. भांडुपच्या टेकडीवर राहणारी. आजोबा कोकणातून गिरणीत आले होते. गिरणी गेल्यावर कुटुंब परळहून वर टेकडीवर सरकलं. ती फार बोलायची नाही. तिच्या पहिल्याच परिच्छेदात मला खोडायला काही सापडलं नव्हतं. विशेषण नाही, कढ नाही, एकामागोमाग एक माहितीची वाक्यं. इतकी वर्षं शिकवल्यावर अशी मुलगी क्वचित समोर येते. आली की शिक्षकाला वाटतं, ही माझ्यासाठी आली आहे. माझा स्वतःचा मुलगा संगणकाच्या भाषांत रमलेला आहे, मराठीत तो फक्त भांडतो. त्यामुळे ते वाटणं माझ्यात जरा जास्तच असेल.

तिने विषय घेतला गिरणगावातल्या खानावळी. बायकामुलं गावी ठेवून आलेल्या गिरणी कामगारांना घराघरातल्या बायका रांधून घालायच्या, त्या खानावळी. तिची आजी त्यांतलीच एक. लेख तिने सुरेख लिहिला. पाळीप्रमाणे पंगती कशा उठायच्या, एका खोलीत राहणारी माणसं आणि जेवायला येणारी माणसं यांची सोय कशी लावायची, गाववाल्यांनाच जेवायला घ्यायचं हा दंडक. पण यातलं बरंचसं आजीच्या तोंडचं होतं, आणि आजीला ज्ञानकोशात संदर्भ म्हणून देता येत नाही. मला हे कळत होतं. तरी मी काही बोलले नाही, कारण लेख चांगला झाला होता आणि तो मला तसाच हवा होता.

अंपायर बोलला. एका शनिवारी लेखाच्या माथ्यावर पट्टी आली: पुरेसे संदर्भ नाहीत, न मिळाल्यास पान वगळलं जाईल.

मुलगी पट्टीकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. आता कळेल, असं वाटलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "घाबरू नकोस. संदर्भ मी शोधते."

आणि मी शोधले. रविवारी मुलुंडच्या ग्रंथालयात गेले, तिथे जुने दिवाळी अंक माळ्यावर टाकलेले होते. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "खाली काढायला माणूस नाहीये हो आज." मी पदर खोचून स्वतः शिडीवर चढले. धुळीने शिंकून शिंकून हैराण झाले. तिथे काही मिळालं नाही म्हणून घाटकोपरला एका मोठ्या वाचनालयात गेले. तिथे गिरणी कामगारांवरच्या एका जुन्या अभ्यासात खानावळींवर अख्खं प्रकरण सापडलं. छायाप्रती काढल्या, संदर्भ जिथे बसतील त्या ओळींना पेन्सिलने खुणा केल्या, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातल्या. सोमवारी पहिल्या तासाआधी तिला गाठलं.

तिने फोल्डर उघडलं. पहिलं पान बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "हो मॅडम, हेच! हे मिळालं मला. अंपायरने काल सकाळीच स्कॅन करून पाठवलं, अख्खं प्रकरण. पट्टी पण काढली आम्ही."

आम्ही.

"हेच पुस्तक?"

"हेच. हे बघा, हाच पान क्रमांक." मग माझ्याकडे बघून तिला काहीतरी जाणवलं असावं. तिने फोल्डर नीट बॅगेत ठेवलं. "हे पण राहू दे मॅडम, छापील असलेलं बरं."

त्या दिवशी माझा तास वाईट झाला. स्वतःच आऊट द्यायचं आणि स्वतःच पळत जाऊन नवी बॅट आणून द्यायची, ही कुठली अंपायरगिरी? असं काही तरी डोक्यात घुमत होतं आणि तोंडाने मी समास शिकवत होते. तेव्हापासून मी त्या दोघांची चर्चापानं वाचायला लागले. सगळी. सुरुवातीपासून. ती उघडी असतात, त्यामुळे चोरी म्हणता येणार नाही. कुणी काय विचारलं, कुणी काय उत्तर दिलं, कुणी कुणाला आधी 'तुम्ही' म्हटलं आणि 'तू' कधी सुरू झालं. डाळ शिजेपर्यंत मी ओट्याशी उभी राहून वाचायचे. मला एखादं तरी वाक्य हवं होतं, ज्यावर बोट ठेवून म्हणता येईल की बघ, ही व्यक्ती तुला चुकीचं शिकवते आहे. किंवा उगाच जवळीक करते आहे. किंवा तुझ्या लेखाचं श्रेय घेते आहे. मिळालं नाही. उलट एके ठिकाणी मुलीने विचारलं होतं, 'संदर्भ इतके महत्त्वाचे का?' आणि उत्तर होतं, 'हे तुमच्या मॅडमनी तुम्हा सगळ्यांना आधीच चांगलं शिकवलेलं दिसतं, त्यांनाच विचार.' मुलीने मला कधीच विचारलं नव्हतं.

मग घाटकोपरला ज्ञानकोशात लिहिणाऱ्यांचा मेळावा ठरला. मेट्रो स्टेशनजवळच्या एका शाळेचं सभागृह, रविवारी सकाळपासून. अंपायर येणार होता. मुलं म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण चला ना." मी म्हटलं, कुणीतरी मोठं माणूस सोबत हवंच. मनात मी एक निवृत्त प्राध्यापक उभा केला होता. पांढरी दाढी, दोन-चार पुस्तकं नावावर. तसा निघाला असता तर माझं अर्धं ओझं उतरलं असतं. ज्येष्ठांपुढे कमी पडण्यात कमीपणा नसतो.

सभागृहाच्या दारात एक बाई नावाच्या पट्ट्या वाटत होती. माझ्याच वयाची. माझ्यासारखाच सुती कुर्ता. केसांचा रंग मुळाशी उतरलेला, माझाही तेव्हा उतरला होता. छातीवरच्या पट्टीवर ते टोपणनाव.

"अरे, काकू निघाल्या!" दहीहंडीवाला ओरडला. "द्या रे, हरलात पैज, वडापाव काढा!"

ती मोठ्याने हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीच ना त्या मॅडम? पहिल्या दिवशी सगळ्यांना एकदम बसवलंत त्या? मी कुकर लावत होते हो, बघितलं तर ही धाड!"

"मर्यादेचं माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"कुणालाच नसतं. पण तुमची मुलं बरी आहेत. येतात तीच संदर्भ विचारत. बाकी कॉलेजांतून येतात ते नुसता कचरा ओततात."

मी आभार मानले. ती नाहूरला राहते, विम्याच्या कचेरीत नोकरी करते, दोन मुलगे आहेत, हे तिने आपण होऊन सांगितलं. म्हणजे माझ्या मुलुंडच्या घरापासून एक स्टेशन अलीकडे, माझ्यासारखाच दोन वेळचा स्वयंपाक, माझ्यासारखीच गुडघेदुखी. शिकवण्याचा ना अभ्यास ना पगार. दिसत नव्हती तोवर तिच्यावर जळणं सोपं होतं. ही तर शेजारच्या इमारतीत शोभावी अशी बाई होती, आणि जे मी पदवी आणि फळा घेऊन करत होते ते ती कुकर लावता लावता करत होती.

खिडकीजवळ बसणारी ती मुलगी तिच्या शेजारी जाऊन बसली. दिवसभर. दोघी एका स्क्रीनवर डोकं घालून. मुलगी मधे काहीतरी म्हणाली आणि त्या बाईने तिच्या पाठीत धपाटा घातला. आपल्या पोराला घालतो तसा. मी चहाचा कागदी पेला चुरगळला तेव्हा त्यात अजून चहा होता.

आठवड्याभराने मुलगी मला जिन्यात भेटली. पुण्यात दोन दिवसांचं शिबिर होतं. नव्या लेखांची तपासणी करणारी मंडळी तयार करायची होती. अंपायरने तिचं नाव सुचवलं होतं आणि स्वतः घेऊन जाणार होती. शनिवार-रविवार.

"त्या शनिवारी कॉलेजात समिती आहे," मी म्हटलं. बाहेरून मूल्यांकन समिती येणार होती आणि आमचा वर्ग त्यांना दाखवायचा होता. खानावळींच्या लेखावर तीच बोलणार, असं मी प्राचार्यांना सांगून ठेवलं होतं.

"माहितीय मॅडम."

"तुझाच लेख आहे."

"पान कुणाचंच नसतं ना?" ती म्हणाली. उद्धटपणे नाही, साधेपणाने. "तुम्ही बोला ना. तुम्हाला सगळं येतं."

"तुला जायचंय?"

"खूप," ती म्हणाली. एरवी ती हा शब्द वापरत नसे. मीच काट मारलेल्या यादीत तो होता. "पण आई नाही म्हणते. आई म्हणते, फोनवरची बाई, कोण कुठली. तुम्हाला भेटायला येणार आहे."

दुसऱ्या दिवशी आई आली. एका पाळणाघरात काम करते, तिथूनच सुटून आली होती. स्टाफरूममध्ये खुर्चीच्या कडेवर बसली. पाणी दिलं ते प्यायली नाही.

"मॅडम, खरा सांगा," ती तिच्या मालवणीत म्हणाली. "ती बाय कशी आसा? माझा चेडू सारखा तिचाच नाव घेता. चेडवाक परगावाक धाडूचा म्हणजे जीव थाऱ्यार रवणा नाय. तिचे बाबा म्हणतत, मॅडम सांगतील तसा. तुमी हो म्हटलास तर हो, नाय तर नाय."

ती उत्तराची वाट बघत होती. माझ्या हातात सगळं होतं आणि मला काही वाईटसाईट बोलायचीही गरज नव्हती. 'तुम्हीच ठरवा,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. आपल्याकडे शिक्षिकेने 'तुम्हीच ठरवा' म्हटलं की आईबाप त्याचा अर्थ 'नको' असाच घेतात. मुलगी शनिवारी माझ्या शेजारी उभी राहिली असती, समितीसमोर माझा वर्ग म्हणून बोलली असती. थोडे दिवस रुसली असती. तेही विसरली असती. मी हा सगळा हिशेब केला, आणि तो करताना समोरच्या बाईच्या पर्सची चेन बघत होते. ती तुटलेली होती आणि तिला सेफ्टी पिन लावली होती.

"मी त्यांना एकदाच भेटले आहे," मी म्हटलं. "नाहूरला राहतात. नोकरी करतात, दोन मुलगे आहेत. हे त्यांनीच सांगितलं, मी घरी जाऊन बघितलेलं नाही. पण वर्षभरात त्यांनी तुमच्या मुलीला ज्ञानकोशात जे लिहिलंय ते सगळं उघड्यावर आहे, आणि ते मी वाचलंय."

"तुमी वाचलास? सगळा?"

"एकूण एक. त्यात वाकडा शब्द नाही. तुमच्या मुलीला त्यांनी कामाशिवाय काही सांगितलेलं नाही, आणि सांगितलंय ते बरोबर सांगितलंय." मी पुढे म्हटलं, "माझ्यापेक्षा नीट सांगितलंय."

हे शेवटचं वाक्य गरजेचं नव्हतं. पण ते खरं होतं आणि त्याला वाटेल तेवढे संदर्भ देता आले असते. मी ते सगळं कशासाठी वाचलं होतं, हे आईने विचारलं नाही.

तिने पाण्याचा ग्लास उचलला. "मग जाऊंदे. पण मी फोन तुमका करतलंय हां मॅडम. ती बाय माका म्हायत नाय, तुमी म्हायत."

शनिवारी समिती आली. खानावळींच्या लेखावर दहीहंडीवाला बोलला. मी त्याच्याकडून तीनदा सराव करून घेतला होता, आणि त्याने बरं निभावलं. समितीतल्या एका गृहस्थांनी लेखाचा 'इतिहास' उघडायला सांगितला. कुठल्या दिवशी कुणी काय बदललं ते तिथे ओळीने दिसतं. पडद्यावर मुलीचं नाव आणि ते टोपणनाव, मुलीचं नाव आणि ते टोपणनाव, असं खालपर्यंत. माझं नाव एकदा. मी एक स्वल्पविराम घातला होता.

"हे दुसरे कोण?" गृहस्थांनी विचारलं. "तुमच्या कॉलेजचे?"

"नाही," मी म्हटलं. "बाहेरच्या आहेत. फार चांगल्या आहेत." प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं.

समिती जेवायला गेली तेवढ्यात माझा फोन वाजला. मुलीची आई. "मॅडम, पोचला काय ता? माझो फोन उचलणा नाय."

"बघते," मी म्हटलं. मला त्या बाईचा क्रमांक शोधावा लागला. मेळाव्यात तिने दिला होता आणि मी तो जतन न करता तसाच सोडला होता. लावला. तिकडे प्रचंड गलका, भांड्यांचा आवाज.

"हो हो, पोचलो की कधीच! जेवतोय," ती म्हणाली. "तिचा फोन चार्जिंगला आहे वर. देऊ का तिला? अगं ए, इकडे ये, तुझ्या मॅडम..."

मागे कुणीतरी जोरात हसत होतं. खदाखदा, श्वास लागेपर्यंत. मला ओळखायला वेळ लागला. वर्षभर ती मुलगी माझ्या वर्गात बसली होती आणि तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकत होते.

"नको," मी म्हटलं. "जेवू दे तिला. आईला तेवढा फोन करायला सांगा."

फोन ठेवला. मग आईला लावला.

"पोचली," मी म्हटलं. "जेवतेय."

"आवाज आयकलास तिचो?"

"ऐकला."

"बरा आसा ना ता?"

"मजेत आहे," मी म्हटलं, आणि संगणक कक्षाला कुलूप लावायला गेले.